त्रास रोखीचा, गुण उधारीचा

जळगावहून धुळ्याकडे निघालेली एस.टी. आणि धुळ्याहून जळगावकडे निघालेली एस.टी. या दोघी एरंडोल-पारोळ्याच्या दरम्यान कोठेतरी एकमेकींना ओलांडून जातात. या दोन्ही गाड्यांत एखादा तरी प्रवासी असा असतो, की ज्याचे त्या दुसऱ्या गावी ना कोणी नातेवाईक, ना कोर्टाचे काम, ना लग्नाची खरेदी. विचारले तर तो ‘जरा काम होते’ एवढेच सांगतो. हा प्रवासी मनाच्या डॉक्टरांकडे निघालेला असतो, अशी माझी पक्की खात्री आहे. आपल्या गावात असे डॉक्टर नाहीत, असे मुळीच नाही. पण दवाखान्याच्या बाकावर शेजारच्या काकू भेटल्या तर? म्हणून जळगावकर धुळे गाठतो आणि धुळेकर जळगाव. आणि दोघेही आपण मोठा शहाणपणा केला अशा समाधानात तिकीट फाडून घेतात!

मी हे थट्टेने लिहीत असले, तरी त्या गाडीच्या खिडकीशी मीही बसलेली आहे. आणि धुळ्याच्या त्या दवाखान्यात मला पहिल्याच दिवशी कोण भेटावे? आमच्याच गल्लीतल्या एक बाई! ‘इकडे कुठे?’ हा प्रश्न दोघींपैकी कोणीच विचारला नाही. त्यांनी थोडे सरकून जागा दिली आणि मी बसले. झाले!

एरवी या सदरात मी घरातल्या बोलण्याचालण्याविषयी, शब्दांविषयी लिहिते. पण मनाच्या औषधाचा ओझरता उल्लेख मध्यंतरी एकदा केला, तेव्हापासून ‘बाई, त्या गोळ्या सुरू केल्यावर नेमके होते तरी काय?’ हाच प्रश्न वाचक निरनिराळ्या तऱ्हांनी विचारीत आहेत. तेव्हा या दिवाळीला त्याविषयीच चार शब्द. मी डॉक्टर नाही, मराठी शिकवते. कोणी कोणती गोळी घ्यावी आणि किती घ्यावी, हे सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु वाट चालून आलेल्या माणसाने पुढच्याला खाचखळगे कोठे आहेत ते सांगावे, एवढा हक्क मला असावा. जे स्वतः अनुभवले, डॉक्टरांना विचारून घेतले आणि वाचून पडताळले, तेवढेच सांगते.

आधी आजाराविषयी. आमच्या खानदेशाला उदासीनता काही अपरिचित नाही. १८९० साली धरणगावला जन्मलेल्या बालकवींनी निर्झर, फुले आणि श्रावणाचा आनंद मराठीला दिला, आणि त्याच बालकवींनी कारण न सापडणाऱ्या उदासीनतेवरही कविता लिहिली. कवीच्या त्या मनःस्थितीला आजाराचे नाव देण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. कविता ही कविता असते, केसपेपर नव्हे. परंतु घरात सुख असताना, पगार वेळेवर असताना, मुले चांगली असतानाही मन काळवंडू शकते, ही गोष्ट या कवीने शंभर वर्षांपूर्वी आम्हांला सांगून ठेवली आहे. ती कविता मी वर्षानुवर्षे शिकवली. दर वर्षी ती शिकवताना घसा थोडा दाटून येई. एका वर्षी मात्र ती शिकवताना मला काहीच वाटेना. आनंद तर नाहीच, पण दुःखही वाटेना. खडू हातात होता, तोंड बोलत होते, आणि आत सारे कोरडे ठणठणीत होते.

साधे दुःख आणि हा आजार यांत फरक काय, तो हा. दुःखात माणूस रडतो, कोणी जवळ आले की त्याला बरे वाटते, आणि दिवस जातील तसे ते ओसरते. नैराश्याच्या आजारात दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळजवळ रोज, दिवसातला बहुतेक वेळ मन बसलेले राहते. आवडीच्या गोष्टींतला रस आटतो. पहाटे तीन-चारलाच जाग येते, किंवा उलट झोपून झोपून उठवत नाही. जेवण जात नाही. हातातले साधे कामही डोंगराएवढे वाटते. आपण निरुपयोगी आहोत, घराला भार आहोत, असे वाटू लागते. आणि कधी कधी जगूच नये असेही मनात येते. यातली बरीच लक्षणे एकत्र दिसली, तर ‘तुला कमी काय आहे?’ असे विचारू नये. त्या प्रश्नाचे उत्तर आजाऱ्याजवळ नसते, आणि ते नसल्याची त्याला आणखी लाज मात्र वाटते.

आजार सौम्य असेल तर पुष्कळदा गोळीशिवाय, जाणत्या समुपदेशकाशी बोलून आणि दिनक्रम बांधून घेऊनही गुण येतो. मध्यम किंवा तीव्र आजाराला मात्र औषधाची गरज पडते. हे ठरवायचे डॉक्टरांनी.

डॉक्टरांची पहिली भेट मला वाटले होते त्याहून अगदी निराळी झाली. ते माझ्या बालपणात शिरले नाहीत की त्यांनी स्वप्ने विचारली नाहीत. आधी रक्त तपासायला पाठवले. थायरॉइडचे काम मंदावले, रक्त कमी पडले किंवा ब१२ हे जीवनसत्त्व घटले, तरी माणूस असाच मलूल होतो; तेव्हा आधी ते पाहायला हवे. मग विचारले, ‘याच्या अगदी उलट कधी झाले होते का? चार-चार दिवस झोप नको, बोलणे थांबत नाही, पैसा हातात राहत नाही, असे? घरात कोणाला?’ या प्रश्नाचे खरे उत्तर देणे फार महत्त्वाचे आहे. कारण ज्यांच्या मनाला असे दोन्हीकडचे झोके येतात, त्यांना नुसती नैराश्याची गोळी दिली तर मन दुसऱ्या टोकाला उसळू शकते. त्यांचे औषध निराळे. त्यानंतर, दुसरी कोणती औषधे चालू आहेत, दारू किती, आणि बाईमाणूस असेल तर दिवस गेले आहेत का, अंगावर मूल पिते आहे का, हेही विचारतात. यातले काही लपवू नये. गुडघेदुखीची गोळी, रक्त पातळ करण्याची गोळी, खोकल्याचे औषध, वैद्यबुवांचे चूर्ण, सारे सांगावे. यांतल्या काही औषधांचे या गोळीशी पटत नाही.

मग औषध. सर्ट्रालीन, एस्सिटॅलोप्रॅम, फ्लुओक्सेटीन ही नावे आता आपल्याकडच्या औषधांच्या दुकानांत रोजची झाली आहेत. सुरुवात बहुधा लहान मात्रेने करतात, कधी तर अर्ध्याच गोळीने. ती अर्धी गोळी हातावर ठेवून माझ्या डॉक्टरांनी जे सांगितले, ते मी या लेखाच्या माथ्यावरच लिहिले आहे. ते म्हणाले, ‘बाई, या औषधाचा व्यवहार उलटा आहे. त्रास रोखीचा, गुण उधारीचा. त्रास पहिल्या आठवड्यात होईल. गुण दिसायला दोन ते चार आठवडे, पुरता गुण यायला सहा ते आठ. मधल्या काळात दुकान बंद करायचे नाही.’

सराफ बाजाराच्या गावातली मी. हा हिशेब मला लगेच समजला, आणि पुढे तोच उपयोगी पडला.

रोखीचा त्रास दुसऱ्याच दिवशी सुरू झाला. मळमळ. बाहेर मार्गशीर्षाचे दिवस, बाजारात भरताच्या हिरव्यागार वांग्यांचे ढीग, शेजारी काटक्यांवर वांगी भाजल्याचा खमंग वास, आणि मी तोंडाला पदर लावून माजघरात! त्याशिवाय डोके थोडे जड, तोंडाला कोरड, हातांना बारीकसा कंप, सारख्या जांभया, आणि रात्री इतकी ठळक स्वप्ने, की सकाळी उठल्यावर नाटक पाहून आल्यासारखे वाटावे. कोणाला जुलाब होतात, कोणाला घाम सुटतो, कोणाची झोप उडते, तर कोणाला भर दुपारी पेंग येते. सगळ्यांना सगळे होत नाही, आणि कित्येकांना काहीच होत नाही. ज्यांना होते त्यांचेही बहुतेक त्रास आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतात. गोळी जेवणावर घेतली तर मळमळ कमी होते. झोप उडत असेल तर सकाळी घ्यावी, पेंग येत असेल तर रात्री. मात्र वेळ बदलण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

या आठवड्यात खरी परीक्षा असते ती घरातल्यांची. आमच्या सासूबाई तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, ‘अगं, औषध तुला उष्ण पडले. होतीस तशी बरी होतीस. बंद कर बघू!’ त्यांच्या मायेविषयी शंका नाही. घरोघरी हेच घडते, आणि पुष्कळांच्या गोळ्या येथेच सुटतात. त्रास भोगून झालेला असतो, गुण दाराशी यायचा असतो, आणि नेमके त्याच वेळी दार लावून घेतले जाते. मग ते घर जन्मभर सांगते, ‘आम्ही ती औषधेही करून पाहिली, काही उपयोग झाला नाही!’ आमच्या यजमानांनी एक साधी गोष्ट केली. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर सहा आठवड्यांनंतरच्या तारखेला तांबड्या पेन्सिलीने गोल केला आणि आईंना म्हणाले, ‘आई, या तारखेपर्यंत कोणीच काही बोलायचे नाही. मीही नाही.’ मला वाटते, त्या तांबड्या गोलाने अर्धे औषध केले.

मळमळ थांबली आणि मग आला तो खरा कठीण काळ, दुसरा-तिसरा आठवडा. त्रास नाही, पण गुणही नाही. आरशात तोच चेहरा, पहाटे तीच जाग. ‘एवढ्या गोळ्या पोटात गेल्या, काय झाले?’ असे मन पुन्हा पुन्हा विचारते.

उशीर का लागतो, याची कथा मोठी मनोरंजक आहे. १९५२ साली न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावरील सी-व्ह्यू इस्पितळात क्षयाच्या रोग्यांना इप्रोनियाझिड नावाचे नवे औषध देऊन पाहात होते. फुप्फुसांचे काय व्हायचे ते होवो, पण बिछान्याला खिळलेले रोगी हसू-खेळू लागले, त्यांची भूक वाढली, वॉर्डात गाणीनाच सुरू झाले. क्षयाचे औषध मनाला लागू पडत होते! पुढे १९५७ साली स्वित्झर्लंडमधल्या रोलांड कून या डॉक्टरांनी इमिप्रॅमिन या दुसऱ्या एका औषधाचे अनुभव प्रसिद्ध केले. ते औषधही मुळात दुसऱ्याच आजारासाठी चाचपून पाहिले जात होते. म्हणजे ही औषधे आधी सापडली आणि ती काम कशी करतात याचा शोध मागाहून सुरू झाला. तो शोध अजून संपलेला नाही. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात, त्यासाठी सिरोटोनिनसारखी द्रव्ये लागतात, आणि आजच्या गोळ्या ते द्रव्य पेशींच्या मधल्या जागेत अधिक वेळ राहू देतात, इतके नक्की. पण हे काम काही तासांतच सुरू होते, आणि मन मात्र आठवड्यांनी उठते. तेव्हा ‘सिरोटोनिन कमी पडले, ते भरून काढले’ इतके हे गणित सोपे नाही. त्या बदलाशी जुळवून घेत मेंदूला आपली घडी हळूहळू बदलावी लागते, असे आज समजतात. बियाणे पेरल्यावर चौथ्या दिवशी माती उकरून पाहणारा शेतकरी आपल्या कापसाच्या मुलखात कोणी पाहिला आहे काय?

मात्र या आठवड्यांत एका गोष्टीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे. हा परिच्छेद वाचकांनी वगळू नये. औषध सुरू केल्यावर, किंवा मात्रा वाढवल्यावर, पहिल्या काही आठवड्यांत काहींच्या जिवाची फार तगमग होते; एका जागी बसवत नाही, चिडचिड होते, झोप पार उडते. काहींच्या मनात जीव देण्याचे विचार नव्याने येतात किंवा वाढतात. हे विशेषतः तरुण मुलामुलींत दिसले आहे. अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने २००४ साली लहान व किशोरवयीन मुलांबाबत असा ठळक इशारा औषधावर छापायला लावला आणि २००७ साली तो २४ वर्षे वयापर्यंतच्या तरुणांना लागू केला. याचा अर्थ तरुणांना औषध देऊ नये, असा नव्हे. आजार तसाच राहू देण्यातला धोकाही लहान नसतो. याचा अर्थ एवढाच, की कॉलेजातल्या मुलाला गोळी सुरू केली तर त्याला वसतिगृहाच्या खोलीत एकटे सोडू नये, गोळ्यांची पाकिटे घरातल्या जाणत्याने आपल्याजवळ ठेवावीत, आणि पहिल्या महिन्यात डॉक्टरांच्या भेटी चुकवू नयेत. आणि सरळ विचारावे: ‘जीव नकोसा वाटतो का रे?’ विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही; उलट मनातला बाहेर येतो. उत्तर ‘हो’ आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. रात्रीबेरात्री कोणीच सापडले नाही तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस दूरध्वनी २०२२ सालापासून चोवीस तास आणि फुकट चालू आहे. त्यावर मराठीतून बोलता येते. धोका अगदी समोर दिसत असेल तर दूरध्वनीतही वेळ न घालवता इस्पितळ गाठावे. तसेच ताप, अंगाला जोराचा कंप, अंग ताठणे आणि बरळणे असे एकदम सुरू झाले, तरीही थेट इस्पितळच.

आणखी एक घोटाळा घरोघरी होतो. पहिल्या काही आठवड्यांसाठी डॉक्टर पुष्कळदा दुसरी एक छोटी गोळी देतात, झोपेसाठी किंवा धडधडीसाठी. क्लोनाझेपाम हे त्यातले नेहमीचे नाव. तिचा गुण त्याच रात्री येतो, म्हणून ती आजाऱ्याला फार आवडते, आणि मग पहिली सुटते व दुसरी चालू राहते! खरे म्हणजे सवय लागते ती या दुसरीची. ती थोडेच दिवस घ्यायची आणि डॉक्टर सांगतील तशी कमी करायची. ‘मनाच्या गोळ्यांचे व्यसन लागते’ हा जो बोलबाला आहे, त्यातला बराचसा या दोन गोळ्यांची गल्लत झाल्यामुळे आहे.

आता गुण. तो वाजतगाजत येत नाही. आधी झोप सुधारते, मग भूक, मग अंगात थोडी ताकद येते. मन सर्वांत शेवटी उठते. आणि ते आजाऱ्याच्या आधी घरातल्यांच्या ध्यानात येते. माझ्या बाबतीत ते सासूबाईंना कळले. पाचव्या आठवड्यात एके सकाळी मी भाजीवाल्याशी दोन रुपयांवरून वाद घातला. आत आले तो सासूबाई हसत होत्या. ‘आली हो आमची सूनबाई परत!’ म्हणाल्या. त्यानंतर कधीतरी वर्गात एका मुलीने कवितेचा काही वेडावाकडा अर्थ लावला आणि मला राग आला. राग येण्याचा इतका आनंद मला जन्मात कधी झाला नव्हता.

पहिल्याच गोळीने प्रत्येकाला गुण येतो असे मात्र नाही. पुष्कळांना मात्रा वाढवावी लागते, काहींना औषधच बदलावे लागते. चष्म्याचा नंबर लावताना नाही का चार काचा घालून पाहाव्या लागत? त्यात हार मानण्यासारखे काही नाही.

संसारातल्या काही बारीक गोष्टी येथेच सांगून टाकते. एक गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. एकादशी, चतुर्थी, नवरात्र यांत गोळी बंद ठेवू नये; औषधाने उपास मोडत नाही. रोजे धरणाऱ्यांनी वेळ कशी बसवायची ते डॉक्टरांना आधीच विचारावे. डोके दुखले, कंबर धरली की दुकानातून आपल्या मनानेच गोळी आणण्याची आपल्याला सवय आहे. काही वेदनाशामकांनी या औषधाबरोबर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. म्हणून दुकानदाराला नव्हे, डॉक्टरांना विचारावे. दारू वर्ज्यच समजावी. आमच्याकडचा वैशाख तर ठाऊकच आहे. घाम जास्त सुटत असेल तर पाणी, ताक भरपूर घ्यावे. म्हाताऱ्या माणसांच्या रक्तातले सोडियम या गोळ्यांनी कधी कधी उतरते. ती एकाएकी गोंधळल्यासारखी वागू लागली तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये, रक्त तपासावे. औषध चालू असताना दिवस गेले तर घाबरून एकदम बंद करू नये. त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटावे. आणि एक गोष्ट, जी कोणी बोलत नाही. या औषधांनी पतिपत्नींच्या संबंधातली इच्छा मंदावू शकते, किंवा पूर्वीसारखे सुख लागत नाही. हा त्रास मळमळीसारखा आपोआप जाईलच असे नसते. ‘आपल्यावरचे प्रेम आटले’ असा समज करून घेऊन घराघरांत अबोला धरला जातो. यात प्रेमाचा काही दोष नाही, गोळीचा आहे. डॉक्टरांना सांगितले तर मात्रा किंवा औषध बदलून उपाय करता येतो.

आणि मग येतो सर्वांत फसवा काळ: बरे वाटू लागल्याचा. श्रावणात कानबाईच्या रोटांसाठी आमचे सारे भाऊबंद जमले. एका चुलत सासूबाईंनी गोळी घेताना मला पाहिले. ‘काय जयं व माय तुले?’ त्यांनी काळजीने विचारले. मी सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, ‘आता तर चांगली दिसतेस की! मग कशाला अजून?’ हा प्रश्न जितका साधा तितकाच धोक्याचा. पहिल्यांदाच आजार झाला असेल, तर पुरते बरे वाटू लागल्यानंतरही निदान सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवावे, असे सांगतात. आजार पुन्हा पुन्हा येत असेल तर त्याहूनही अधिक. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी चौथ्या महिन्यात, ‘आता ठणठणीत आहे’ म्हणून एके दिवशी गोळ्या एकदम टाकल्या. तिसऱ्या दिवशी चक्कर, घाबरल्यासारखे वाटणे, डोक्यात वीज चमकून गेल्यासारखे झटके. त्यांना वाटले, बघा, व्यसन लागले! ते व्यसन नव्हे. या गोळीची तल्लफ येत नाही. पण शरीराला तिची सवय झालेली असते, आणि ती एकाएकी काढून घेतली की ते कुरकुरते. म्हणून ती डॉक्टरांच्या सांगण्याने थोडी थोडी कमी करत, आठवडे किंवा गरज पडल्यास महिने घेऊन सोडावी. धावत्या एस.टी.तून आपण उडी मारीत नाही. गाडी स्टँडात उभी राहिली की मगच उतरतो.

‘गोळी घेऊन माणूस बदलतो का?’ असेही विचारतात. मला तरी तसे दिसले नाही. काहींना भावना बोथट झाल्यासारखे वाटते. तेही डॉक्टरांना सांगावे. पण मी आजही रडते, चिडते, पेपर तपासताना कंटाळते. गोळी सुख देत नाही. सुख-दुःख घेण्याची जी ताकद गेली होती, ती परत देते. घरातले भांडण, डोक्यावरचे कर्ज, नोकरीतला जाच, यांवर गोळीचा इलाज नाही. तेथे बोलणे, समुपदेशन, वकील, मित्र, जे लागेल ते हवेच. पण तिथवर चालत जाण्यासाठी पायांत बळ लागते, ते ही गोळी देऊ शकते.

मोठ्या शहरात गेल्याशिवाय हे सारे मिळत नाही, असेही आता राहिलेले नाही. धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावलाही २०१८ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथे मनाच्या आजारांवर उपचार होतात. याच औषधांचे जेनेरिक प्रकार स्वस्तही मिळतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा आजाऱ्याचा हक्क ठरवला आहे, त्याची माहिती गुप्त राखणे बंधनकारक केले आहे, आणि विमा कंपन्यांनी मनाचा आजार शरीराच्या आजारासारखाच धरावा असे सांगितले आहे. २०१६ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी ‘कासव’ हा चित्रपट याच आजारावर काढला, आणि त्याला देशातला सर्वोत्तम चित्रपट म्हणून सुवर्णकमळ मिळाले. म्हणजे कायदा पुढे गेला, चित्रपट पुढे गेला. मागे राहिली आहे ती आपली बैठकीची खोली, जेथे रक्तदाबाची गोळी पाहुण्यांसमोर घेता येते आणि मनाची गोळी पदराआड.

या दिवाळीत तुमच्या घरी कोणी फराळाच्या ताटासमोर नुसतेच बसलेले दिसेल. त्याला ‘चेहरा पाडून बसू नकोस, सणाचा दिवस आहे’ असे म्हणू नका. पाडवा झाला की त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे जा. जिवाची काही वेडीवाकडी भाषा ऐकू आली, तर पाडव्याचीही वाट पाहू नका. आणि डॉक्टरांनी गोळी दिली, तर घरातल्या सर्वांत हट्टी माणसाच्या हाती एक तांबडी पेन्सिल द्या. सहा आठवडे मोजायचे. तोवर त्रासाची नोंद ठेवायची, डॉक्टरांना कळवायची, आजाऱ्याला एकटे सोडायचे नाही, आणि सल्ले आपल्याजवळच ठेवायचे. उधारी वसूल व्हायला वेळ लागतो. पण दुकान उघडे ठेवणाऱ्याचीच ती वसूल होते.